मुद्दल शाबूत ठेवून : अभिजात प्रेमकथांच्या उत्तरकथांचा आस्वाद

जुन्या प्रेमकथा बहुधा विवाहापाशी थांबतात. गैरसमज दूर होतात, वडीलधाऱ्यांचा विरोध मावळतो, मंगल कार्य पार पडते आणि लेखक वाचकाचा निरोप घेतो. वाचक मात्र लगेच उठत नाही. लग्नघरातील मांडव उतरल्यावरही घरच्या माणसांचे मन जसे मुलीच्या सासरी घुटमळत राहते, तसे त्याचे मन त्या पात्रांभोवती फिरत राहते. नव्या घरी तिचे कसे चालले असेल? धाकट्या बहिणींचे पुढे काय झाले असेल? आईवडिलांच्या पश्चात घर कोणाच्या हाती गेले असेल? या प्रश्नांतूनच उत्तरकथांचा जन्म होतो.

जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी अशा उत्तरकथांचे माहेरघरच म्हणावी लागेल. २८ जानेवारी १८१३ रोजी ती लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. किंमत होती १८ शिलिंग. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ लिहिणाऱ्या लेखकाची कृती, एवढाच उल्लेख होता. तिची अपेक्षा १५० पौंडांची होती. अखेर ११० पौंडांना तिने पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाला विकले. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत या एका पुस्तकाच्या पुढच्या कथा, आधीच्या कथा, बाजूच्या कथा इतक्या लिहिल्या गेल्या की त्यांचे एक स्वतंत्र दालनच झाले आहे. त्यांत नामवंत लेखकांच्या कादंबऱ्या आहेत, तशीच ‘फॅन फिक्शन’ या नावाने ओळखली जाणारी, निव्वळ हौसेपोटी चाहत्यांनी लिहिलेली कथानकेही आहेत.

हिशेबाची कादंबरी

प्रेमकथा म्हणून गाजलेले हे पुस्तक व्यापारी घरातील वाचकाने हाती घेतले, तर त्यातील आकडे त्याच्या नजरेतून सुटणार नाहीत. लाँगबोर्नच्या बेनेट कुटुंबाच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न २,००० पौंड आहे. परंतु ती मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडेच जावी, अशी अट आहे. बेनेट दांपत्याला पाच मुलीच. त्यामुळे वडिलांच्या पश्चात घरदार कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावाकडे जाणार हे ठरलेले आहे. दुसरी मुलगी एलिझाबेथ हिच्या वाट्याला आईच्या मृत्यूनंतर काय येईल, हे हा कॉलिन्स तिला लग्नाची मागणी घालतानाच ऐकवतो : चार टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतील १,००० पौंड. म्हणजे वर्षाला ४० पौंड व्याज. शेजारी भाड्याने राहायला आलेल्या बिंग्लीजवळ वडिलांनी मागे ठेवलेले सुमारे १,००,००० पौंड आहेत. त्याचा मित्र डार्सी याचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड आहे. मुलींच्या लग्नासाठी आई उतावीळ होते तेव्हा वाचकाला हसू येते. परंतु ४० पौंडांचा आकडा ध्यानात आला की ते हसू ओसरते.

बिंग्लीची संपत्ती वडिलांनी व्यापारात मिळवलेली. त्याच्या बहिणींना मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडला आहे. एलिझाबेथचे मामा, श्री. गार्डिनर, लंडनच्या चीपसाइडजवळ ग्रेसचर्च स्ट्रीटवर राहतात. घरातून स्वतःच्या वखारी दिसाव्यात अशी त्यांची वस्ती. या मामांची त्या बहिणी मनसोक्त टिंगल करतात. प्रत्यक्षात संपूर्ण कादंबरीत विवेक, सौजन्य आणि शब्दाची किंमत कोणाकडे असेल, तर ती या व्यापारी मामा-मामींकडे. त्यांच्यासोबत प्रवासाला गेल्यामुळेच एलिझाबेथ डार्सीचे पेम्बर्ली येथील घर पाहते आणि दुरावलेली मने जवळ येतात. कादंबरीचे अखेरचे वाक्यही याच मामा-मामींविषयीच्या कृतज्ञतेचे आहे.

दुसऱ्याच्या भांडवलावर?

उत्तरकथांविषयी जाणत्या वाचकांचा एक जुना आक्षेप आहे. दुसऱ्याने घडवलेली पात्रे, दुसऱ्याने बांधलेले घर, दुसऱ्याने मिळवलेला वाचक, हे सारे आयते घेऊन केलेले लेखन म्हणजे परक्या भांडवलावरचा व्यापार होय, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. लोकप्रिय नावाचा केवळ फलक लावून आत कसलाही माल भरणारी पुस्तके निघतात, हे खरेच आहे. तथापि परक्या भांडवलावर व्यापार करणारा प्रत्येक जण अप्रामाणिक नसतो. घेतलेल्या ठेवीचे त्याने काय केले, हे पाहावे लागते.

स्वतः जेन ऑस्टिनने हा मार्ग निषिद्ध मानला नव्हता. सॅम्युअल रिचर्डसन यांची ‘सर चार्ल्स ग्रँडिसन’ ही सात खंडांची कादंबरी तिच्या विशेष आवडीची. त्या कादंबरीवर रचलेले एक छोटे विनोदी नाटक तिच्या हस्ताक्षरात उपलब्ध आहे. ‘नॉर्थँगर ॲबी’ ही तिची कादंबरी ॲन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ यूडॉल्फो’ या १७९४ सालच्या भयकथेशी केलेली थट्टामस्करीच आहे. इतकेच काय, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ हा शब्दप्रयोगसुद्धा फॅनी बर्नी यांच्या १७८२ सालच्या ‘सेसिलिया’ कादंबरीच्या शेवटी ठळक अक्षरांत आलेला आहे. वाचलेल्यावर प्रेम करावे आणि त्या प्रेमातून काही नवे रचावे, हा संस्कार तिच्याही घरचाच होता.

पुस्तक संपले तरी तिची पात्रे तिच्यासाठी संपत नसत. मे १८१३ मध्ये लंडनमधील एक चित्रप्रदर्शन पाहताना ती गमतीने आपल्या नायिकांच्या तसबिरी शोधत होती. पांढरा पोशाख आणि हिरवे अलंकार ल्यालेली ‘श्रीमती बिंग्ली’ तिला सापडली. ‘श्रीमती डार्सी’ मात्र कोठेच दिसेना. पत्नीची तसबीर चारचौघांच्या नजरेस पडावी हे डार्सीला रुचत नसेल, असा तर्क करून तिने तो पत्राने बहिणीला कळवला. घरातील मुले विचारत तेव्हा ती पात्रांचे पुढचे आयुष्यही सांगत असे. तिच्या निधनानंतर सुमारे पन्नास वर्षांनी पुतण्याने लिहिलेल्या आठवणींत ही माहिती नोंदलेली आहे. एलिझाबेथची बहीण किटी हिने पेम्बर्लीजवळच्या एका धर्मोपदेशकाशी विवाह केला. मधली बहीण मेरी हिला मावशीच्या यजमानांच्या वकिली कचेरीतील एक कारकून मिळाला आणि मेरिटन गावात मानाचे स्थान मिळाल्याने ती समाधानी राहिली. पहिल्या उत्तरकथा अशा प्रकारे खुद्द लेखिकेच्याच तोंडून, घरातल्या घरात सांगितल्या गेल्या.

पुढे तिच्या कुटुंबानेच हा वारसा चालवला. तिची पुतणी कॅथरिन हबॅक हिने आत्याच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘द वॉटसन्स’वरून ‘द यंगर सिस्टर’ ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी सिबिल ब्रिंटन यांनी ‘ओल्ड फ्रेंड्स अँड न्यू फॅन्सीज’ या पुस्तकात ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्यांतील पात्रे एकत्र आणून त्यांच्यात नव्या सोयरिकी जुळवल्या. लग्न जमवण्याची हौस वाचकांनाही असते, हे त्यावरून दिसते.

या वाचनप्रेमाचा गंभीर पैलूही लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात १९१५ साली मारला गेला. त्यानंतरच्या काळात ते पत्नीला आणि मुलीला जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत. १९२४ साली त्यांची ‘द जेनाइट्स’ ही कथा प्रसिद्ध झाली. तीत रणभूमीवरील तोफखान्याचे सैनिक ऑस्टिनच्या वाचकांचे गुप्त मंडळ चालवतात आणि तोफांना तिच्या पात्रांची नावे देतात. ज्या दुःखावर थेट बोलता येत नाही, ते वाहण्यासाठी ओळखीच्या पात्रांचा आधार घेता येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

मांडवामागची माणसे

उत्तरकथांचे ढोबळमानाने चार प्रकार दिसतात. काही लेखक विवाहानंतरची वर्षे रंगवतात. काही तीच कथा दुसऱ्या पात्राच्या नजरेतून सांगतात. पामेला एडन यांनी डार्सीच्या बाजूने तीन पुस्तके लिहिली. काही ‘असे झाले असते तर’ म्हणून कथेला निराळे वळण देतात. चाहत्यांच्या लेखनाचा मोठा भाग याच प्रकारचा असतो. काही जण पात्रांना निराळ्या काळात आणि देशात नेऊन सोडतात. हेलन फील्डिंग यांची १९९६ सालची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

पहिल्या प्रकारात पी. डी. जेम्स यांच्या ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’ या २०११ सालच्या कादंबरीचा उल्लेख आवश्यक ठरतो. रहस्यकथांच्या क्षेत्रात कीर्ती मिळवलेल्या या लेखिकेने वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी आपल्या आवडत्या पात्रांच्या घरी खुनाचा तपास आणला. नृत्यसमारंभाच्या आदल्या रात्री पेम्बर्लीच्या रानात एक मृतदेह सापडतो आणि संशय घरच्या जावयावरच, विकहॅमवर, येतो. कथेच्या आरंभीच लेखिकेने जेन ऑस्टिनच्या स्मृतीची क्षमा मागितली आहे. या कादंबरीतील एलिझाबेथ मूळच्या इतकी चुरचुरीत बोलत नाही, ही उणीव जाणवते. परंतु प्रतिष्ठित घराण्यावर बदनामीचे सावट आले असता पती-पत्नी एकमेकांना कसे सांभाळतात, हे तीत वाचण्यासारखे आहे.

उत्तरकथांचे खरे सामर्थ्य मात्र सुखी जोडप्याचे सुख लांबवण्यात नाही. मूळ कथेने ज्यांच्याकडे ओझरते पाहिले, त्यांच्या नावाचे पान उघडण्यात ते आहे. कितीही लेखक या वाटेने गेले असले, तरी जो बेकर यांची २०१३ सालची ‘लाँगबोर्न’ या दृष्टीने वेगळी ठरते. मूळ कादंबरीत आजारी बहिणीला भेटण्यासाठी एलिझाबेथ चिखल तुडवत तीन मैल चालत जाते. तिच्या त्या धीटपणाचे वाचकांना दोनशे वर्षे कौतुक वाटत आले. बेकर यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे : तो चिखलाने माखलेला घागरा धुतला कोणी? त्यांची नायिका आहे सारा, बेनेटांच्या घरची मोलकरीण. पहाटेच्या थंडीत कपडे धुऊन जिचे हात फुटले आहेत. मूळ पुस्तकात सतत पाऊस पडत असल्यामुळे नृत्यासाठी बुटांवर लावायची फितीची फुले दुसऱ्या कोणाकडून तरी मागवली जातात, असा एका ओळीचा उल्लेख आहे. त्या पावसात भिजत गेलेले ते ‘दुसरे कोणी’ म्हणजे सारा. ज्या घरांत नोकरचाकर आहेत, तेथील वाचकाला हे पुस्तक मिटल्यावर आपल्या स्वयंपाकघराकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटेल.

जॅनिस हॅडलो यांची ‘दि अदर बेनेट सिस्टर’ ही २०२० सालची कादंबरी मेरीची आहे. पाच बहिणींत दिसायला साधी, पुस्तकांत डोके खुपसून बसणारी, चारचौघांत नको ते बोलणारी आणि बेताचेच गाऊन वडिलांकडून भर मेळाव्यात थांबवली जाणारी मेरी, ही मूळ कादंबरीत केवळ हसण्याचा विषय आहे. ऑस्टिनने मागाहून तिला कारकून नवरा दिला; हॅडलो यांनी तिला आधी चष्मा दिला. आईच्या दृष्टीने चष्मा म्हणजे मुलीच्या रूपाची आणखी हानी. मेरीच्या दृष्टीने मात्र प्रथमच जग स्वच्छ दिसण्याचे साधन. वडिलांच्या मृत्यूनंतर ती एका नातलगाच्या घरातून दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहते. कोणी तिला हाकलत नाही. पण कोणाला ती हवीही नाही. अखेर तिला आपलेपणा मिळतो तो ग्रेसचर्च स्ट्रीटवर, व्यापारी मामा-मामींच्या भरल्या घरात. आपल्या समाजात मुलीच्या परिचयपत्रात वर्ण आणि उंची यांचे रकाने आजही आधी भरले जातात. त्या रकान्यांत न बसणारी एखादी मेरी कोणत्याही घरात असू शकते. हसण्यावारी नेलेल्या अशा मुलीच्या मनात काय चालते, हे आईवडिलांना या कादंबरीतून उमगले, तर उत्तरकथेने आपले काम केले असे समजावे.

असेच मोठे काम त्यापूर्वी जीन ऱ्हीस यांनी करून दाखवले होते. शार्लट ब्राँटे यांच्या १८४७ सालच्या ‘जेन एअर’मध्ये नायकाची पहिली पत्नी माळ्यावर कोंडलेली वेडी स्त्री म्हणून येते. तिला स्वतःचे असे एकही वाक्य नाही. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या ऱ्हीस यांनी १९६६ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून तिला जमैकातील बालपण, हुंड्यासह झालेले लग्न आणि स्वतःचा आवाज दिला. ती कादंबरी वाचल्यानंतर ‘जेन एअर’ पूर्वीसारखी वाचताच येत नाही.

मालकी कोणाची?

दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न कायद्याचाही आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ब्रिटनमध्ये ७० वर्षे प्रताधिकार टिकतो. ऑस्टिनचे निधन १८१७ सालचे. त्यामुळे तिची पात्रे केव्हाच सर्वांची झाली आहेत. ज्या पुस्तकांची मुदत संपलेली नाही, तेथे मात्र वारसांची संमती हा कळीचा मुद्दा ठरतो. मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ या १९३६ सालच्या कादंबरीचा पुढचा भाग ‘स्कार्लेट’ हा वारसांच्या संमतीने अलेक्झांड्रा रिप्ली यांनी लिहिला आणि तो १९९१ साली निघाला. दहा वर्षांनी ॲलिस रँडल यांनी तीच कथा गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीच्या नजरेतून ‘द विंड डन गॉन’मध्ये मांडली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने प्रकाशनास मनाई केली. वरिष्ठ न्यायालयाने ती उठवली. पुढे उभयपक्षी तडजोड झाली. मूळ ग्रंथाची थट्टा करण्याचा किंवा त्याच्यावर टीका करण्याचा हक्क आणि त्याच्या लोकप्रियतेवर नुसता नफा कमावण्याचा मोह, यांतील सीमारेषा किती बारीक आहे, हे त्या खटल्याने दाखवून दिले.

हौशी चाहत्यांचे लेखन या वादापासून बरेचसे दूर राहते, कारण ते बहुधा विनामूल्य वाटले जाते. त्यात भाषेचे दोष असतात, प्रसंग ताणलेले असतात. पण लेखक आणि वाचक दोघेही मूळ पुस्तक बारकाईने वाचलेले असतात. डार्सीचे पत्र एक दिवस आधी पोहोचले असते तर काय झाले असते, यावर शंभर पाने लिहिणाऱ्या मुलीने मूळ पत्र किती वेळा वाचले असेल!

घरातील वाचन

भारतीय प्रेक्षकांना ही परंपरा अपरिचित नाही. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात आलेली ‘तृष्णा’ ही मालिका ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरच बेतलेली होती. गुरिंदर चढ्ढा यांच्या २००४ सालच्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ चित्रपटात बेनेट कुटुंब अमृतसरचे झाले. सोनाली देव यांच्या २०१९ सालच्या इंग्रजी कादंबरीत तर अभिमानी डार्सीची जागा त्रिशा राजे या अमेरिकेतील शल्यचिकित्सक तरुणीने घेतली आहे. मुलींचे विवाह, घराण्याची पत, जावयाची मिळकत आणि मावश्या-आत्यांची मते हे विषय भारतीय घराला समजावून सांगावे लागत नाहीत.

या दालनात प्रवेश करताना काही पथ्ये पाळणे हिताचे. मूळ कादंबरी आधी वाचावी. मुद्दल ठाऊक नसेल तर व्याजाचा हिशेब लागत नाही. सर्वच उत्तरकथा सर्व वयांसाठी नसतात. काहींत शयनगृहातील प्रसंग सढळपणे आलेले असतात, तेव्हा मुलांच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ते चाळावे. आणि पुस्तक मिटल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : मूळ ग्रंथ पुन्हा उघडून पाहावासा वाटतो का? वाटत असेल, तर ठेव योग्य हाती पडली असे समजावे.

१८०३ साली जेन ऑस्टिनने आपली एक कादंबरी अवघ्या १० पौंडांना विकली होती. विकत घेणाऱ्याने ती छापलीच नाही. अखेर १८१६ साली तेवढीच रक्कम परत करून हस्तलिखित सोडवून आणावे लागले. तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली ‘नॉर्थँगर ॲबी’ ती हीच. सप्टेंबर २०१७ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या १० पौंडांच्या नोटेवर तिचेच चित्र आहे. एवढी पत केवळ सहा कादंबऱ्यांनी निर्माण केली. ती जपण्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांचा आणि हौशी लेखकांचाही वाटा आहे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एक लहानसा प्रसंग आहे. धाकट्या भाचीची अब्रू वाचवण्यासाठी डार्सीने गुपचूप पैसे भरले आणि त्याच्याच आग्रहामुळे त्याचे श्रेय गार्डिनर मामांना मिळाले. न केलेला उपकार आपल्या नावे जमा झालेला त्या सचोटीच्या व्यापाऱ्याला सलत राहिला. एलिझाबेथने सत्य विचारताच, ते सांगण्याची संधी मिळाली म्हणून त्याला आनंदच झाला. उत्तरकथा लिहिणाऱ्याने गार्डिनर मामांसारखे असावे. जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याच्याच नावे मांडावे, आणि आपल्याकडून जी भर घालायची ती मनापासून घालावी.